उघड्या डबीचं चित्र

डबीच्या तळाशी एक चित्र असतं, नखाएवढं:
झाकण उघडलेली डबी, पोटात आकडा, बारा.
शारजाच्या गोदामात पहिल्याच आठवड्यात
गोरखपूरच्या नसीमुद्दीनने मला ते वाचायला शिकवलं.
छापलेली तारीख बंद डबीची, म्हणाला,
हे चित्र उघडल्यानंतरचं.
झाकण फिरवलं की बारा महिने. पुढे नशीब.

उघडलीच नाही तर?
हे मी तेव्हा विचारलं नाही.

काम तसं सोपं.
खोकं फोडायचं, डबी उलटी करायची,
तारीख गेलेल्या लाल पट्टीच्या आत,
तीन महिने उरलेल्या पिवळ्या फळीवर,
बाकीच्या जाऊ द्यायच्या दुकानांत.
आधी दिवस की आधी महिना
यावरून हिशेबनिसाशी माझी रोज जुंपायची.
०५/०६. मे की जून?
एका तिरक्या रेघेवर
चाळीस खोकी दुपारपर्यंत अडून.

पण तारखेला ऊन कळत नाही.
जुलैत बिल वाचवायला रात्री एसी बंद करायचे.
सकाळी शटर अर्धं वर गेलं की
आतली हवा दारातच अंगावर रेलायची.
अशाच एका सकाळी मी एक डबी उघडली,
दीड वर्ष बाकी असलेली.
वर पिवळं तेल, खाली पाणी,
नासलेल्या दुधासारखी फाटलेली मलई,
वास खवट, गेल्या सालच्या शेंगदाण्यांचा.
कागदावर ती चांगली होती.
त्या खोक्यातल्या बाकीच्या तेवीस
मी कागदाप्रमाणे जाऊ दिल्या.

लाल पट्टीतला माल महिनाअखेर पालिकेची गाडी नेई.
त्याआधी एकदा मुदीर म्हणाला,
हवं तर घ्या, मी पाहिलेलं नाही.
त्याच महिन्यात माझी रजा होती.
मी अकरा डब्या घेतल्या.
खोलीवर, बंकच्या वरच्या फळीवर बसून
नखांचा रंग काढायच्या पाण्यात कापूस बुडवून
एकेक तळ पुसला.
आकडे पटकन निघतात.
चित्र मात्र निघत नाही, ते प्लास्टिकमध्येच असतं.

दाभोळला बॅग उघडली तेव्हा
घरात ईदच.
दोन बहिणी, तीन जावा, शेजारची मुमताजबी,
आणि जिच्या शिलाई मशीनवर माझ्या शर्टांचं आयुष्य गेलं
ती सकिनाखाला.
आठवड्याने खालाचा डावा गाल तांबडा झाला,
मग पुरळ, मग बारीक पाणी.
नजर लागली म्हणाले, मिरच्या ओवाळल्या.
मीच चुलीपाशी उभा होतो, ठसका मलाच लागला.
दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
नवीन काही लावलंत का?
छे हो, खाला म्हणाली,
दुबईचंच.

मी शारजाला असतो हे तिला कधी पटलं नाही.
गाल महिन्याभरात बरा झाला,
डाग राहिला, जायफळाएवढा.
मी तोवर परत आलो होतो.

आता त्या गोष्टीला सहा वर्षं झाली.
गोदामाला रात्रभर एसी आहे,
मी पिवळ्या फळीचा मुख्य आहे,
आणि माझ्या राहण्याच्या कार्डाची तारीख
नसीमुद्दीनच्या जागी आलेला पोरगा
माझ्याआधी वाचून सांगतो.

परवा रात्री रुकय्याने फोन कपाटाकडे वळवला.
मधला खण. जुन्या ओढणीत गुंडाळलेल्या
चार डब्या, सील तशीच,
पदराने पुसून पुसून झाकणं चकचकीत.
ह्या नाही लावल्यास? मी विचारलं.
लावायच्या कुणासाठी, ती म्हणाली,
मग हसून: तुम्ही कायमचे आलात की उघडीन.

फेकून दे, मी म्हणालो. खराब झाल्यात.
कशावरून?
तारीख गेलीय.
तिने एक डबी उलटी केली, दिव्याखाली धरली,
चष्मा वर सारून डोळ्यांजवळ नेली.
कुठेय तारीख?
तळ तर कोरा आहे.
डबीचं एक चित्र आहे फक्त, उघडलेलं.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.